दोन अधिक दोन : कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठाकडे

अमेरिकेतला पदवी अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा असतो. त्यातली पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात पूर्ण करायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात दाखल व्हायचे, ही तिथली जुनी आणि सरकारमान्य वाट आहे. या बदलाला ट्रान्स्फर म्हणतात. शेवटी हाती येणारी पदवी विद्यापीठाचीच असते. पहिली दोन वर्षे कुठे झाली याची नोंद पदवीच्या कागदावर नसते. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या मुलांची वाट काहीशी अशीच असते, पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे कोणते विषय शिकायचे हे अभ्यासक्रम ठरवून देतो आणि प्रवेश राज्याच्या सामाईक फेऱ्यांतून होतो. अमेरिकेत विषयांची निवड विद्यार्थ्याच्या हाती असते, दर विद्यापीठाच्या अटी निराळ्या असतात आणि घेतलेला कोणता विषय पुढे चालेल याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवायचा असतो. त्यामुळे ट्रान्स्फरचे बरेचसे भवितव्य अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडतानाच ठरून जाते.

या संस्थांची सुरुवात शिकागोजवळच्या जोलिएट गावात झाली. आजही चालू असलेल्या सरकारी ज्युनिअर कॉलेजांपैकी सर्वांत जुने कॉलेज तिथे १९०१ साली निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅनली ब्राउन यांची ही कल्पना होती. गावातल्या मुलांना पदवीची पहिली दोन वर्षे गावातच शिकता यावीत आणि मग त्यांनी विद्यापीठात जावे, असा त्यामागे विचार होता. म्हणजे ट्रान्स्फर ही नंतर जोडलेली सोय नाही, ती या कॉलेजांच्या स्थापनेचे कारणच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने १९४७ च्या अहवालात अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन पॅसाडेना ज्युनिअर कॉलेजातून लॉस एंजेलिसच्या यूसीएलएत गेला होता. अभिनेता टॉम हँक्स चाबो कॉलेजातून सॅक्रामेंटोच्या स्टेट युनिव्हर्सिटीत गेला.

या वाटेला सर्वांत नीट आकार दिला तो कॅलिफोर्नियाने. १९६० साली युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने तिथे उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन झाला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी. वरच्या एकतृतीयांशासाठी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजे सीएसयू. आणि कम्युनिटी कॉलेजांचे दार सर्वांसाठी उघडे, अशी ती रचना होती. हे वर्गीकरण अन्यायकारक ठरू नये म्हणून ट्रान्स्फरचे दार ठेवले गेले. शाळेत मागे पडलेला मुलगा दोन वर्षे मन लावून शिकला, तर त्याला यूसीच्या बर्कले कॅम्पसमध्ये तिसऱ्या वर्षाला जाता यावे. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजाचा अभ्यास करून वेगळेच काही दाखवले. पदवीचे स्वप्न घेऊन आलेल्या अनेक मुलांच्या आकांक्षा कॉलेजात हळूहळू थंड केल्या जातात आणि ती मुले पदवीचा नाद सोडून देतात, असे त्यांना आढळले. एका बाजूला उघडे दार, दुसऱ्या बाजूला दारापर्यंत न पोहोचणारी मुले. ट्रान्स्फरचा प्रश्न पासष्ट वर्षांनंतरही नेमका याच दोन टोकांमध्ये आहे.

कॅलिफोर्नियात आज ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. राज्याच्या रहिवाशाला तिथे एका युनिटमागे, म्हणजे विषयाचा भार मोजण्याच्या एककामागे, ४६ डॉलर फी पडते. वर्षाची ३० युनिट धरली तर १,३८० डॉलर होतात. यूसीची राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी १४ हजार डॉलरच्या वर आहे. पहिली दोन वर्षे कॉलेजात काढली तर चार वर्षांच्या फीचा खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. मूल घरी राहून शिकले तर राहण्याजेवण्याचा खर्चही वाचतो, आणि अमेरिकेत तो फीइतकाच किंवा त्याहून जास्त असतो.

एवढा फायदा दिसत असूनही देशभराचे आकडे समाधानकारक नाहीत. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दहांपैकी सुमारे आठ जणांना पदवी हवी असते. प्रत्यक्षात जेमतेम एकतृतीयांश विद्यार्थी चार वर्षांच्या संस्थेत पोहोचतात आणि सहा वर्षांच्या आत पदवी मिळवणारे सुमारे १६ टक्केच भरतात. याला पैशाची चणचण, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या अशी अनेक कारणे आहेत. पण नियोजनाने टाळता येणारे एक कारण म्हणजे वाया जाणारी युनिट. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ च्या अहवालात, सर्व प्रकारच्या ट्रान्स्फरमध्ये मिळून विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट, म्हणजे युनिट, गमावली जातात, असा अंदाज दिला. सरकारी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांचे नुकसान त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, तरी एखादे सेमिस्टर वाया जाणे तिथेही नवे नाही.

युनिट वाया कसे जाते हे समजले की नियोजनाचे निम्मे काम होते. विद्यापीठ एखादा विषय तीन प्रकारे स्वीकारू शकते. तो पदवीच्या एकूण युनिटांत मोजला जातो, सामान्य शिक्षणाच्या अटीत धरला जातो, किंवा विद्यार्थ्याच्या मेजरचा, म्हणजे मुख्य शाखेचा, आवश्यक विषय म्हणून मान्य होतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात एखाद्या विषयापुढे ‘ट्रान्स्फर होतो’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त पहिला असतो. असे वीस विषय पास झालेल्या विद्यार्थ्याकडे साठ युनिट जमतात, पण मेजरच्या पूर्वतयारीचा एकही विषय झालेला नसतो. तिसऱ्या वर्षाला जाऊन त्याला पहिल्या वर्षाचे गणित करावे लागते, किंवा त्या शाखेत प्रवेशच मिळत नाही.

एकूण युनिटांची अट सर्वांत सोपी आहे. यूसीत तिसऱ्या वर्षाला येण्यासाठी ट्रान्स्फर होणारी ६० सेमिस्टर युनिट किंवा ९० क्वार्टर युनिट लागतात. त्यांचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, राज्यातल्या विद्यार्थ्यासाठी किमान २.४, बाहेरच्यासाठी २.८ हवा, सीएसयूसाठी साधारण २.० पुरतो. हे आकडे अर्ज करण्याची पात्रता सांगतात, प्रवेशाची शक्यता सांगत नाहीत. बर्कले किंवा यूसीएलएच्या मागणी असलेल्या शाखांत निवडल्या जाणाऱ्यांचा जीपीए याहून कितीतरी वर असतो.

सामान्य शिक्षणासाठी कॅलिफोर्नियाने २०२५ च्या शरद ऋतूपासून एकच आराखडा लागू केला आहे. त्याचे नाव कॅल-गेटसी. पूर्वी यूसी आणि सीएसयूचे आराखडे वेगळे असत आणि विद्यार्थ्यांची ओढाताण होई. २०२१ च्या कायद्याने ते एकत्र आणले. यात ११ विषय आणि ३४ युनिट आहेत. इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, वक्तृत्व, गणित, कला आणि मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, प्रयोगशाळेसह विज्ञान आणि वांशिक अभ्यास अशी त्याची वाटणी आहे. प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी लागते. इतिहास, मानसशास्त्र, राज्यशास्त्र अशा शाखांकडे जाणाऱ्याने हा आराखडा पूर्ण करावा, हे उत्तम. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने मात्र आधी मेजरची तयारी पाहावी. बर्कलेचे इंजिनिअरिंग कॉलेज असा पूर्ण आराखडा मागत नाही. तिथे गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचे विषय झाले आहेत की नाहीत आणि त्यांत श्रेणी काय आहे, हे आधी पाहिले जाते. सामान्य शिक्षणाचे अकरा विषय हौसेने संपवून गणिताची साखळी अर्धवट ठेवणारा विद्यार्थी चुकीच्या क्रमाने कष्ट करत असतो.

मेजरच्या तयारीचे विषय साखळीत बांधलेले असतात, आणि इथेच वर्ष वाढते. इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसचे तीन भाग, त्यानंतर लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि कॅल्क्युलसवर आधारलेल्या भौतिकशास्त्राचे बहुधा तीन भाग लागतात. पहिला भाग पास झाल्याशिवाय दुसऱ्यात बसता येत नाही. ज्याची सुरुवात प्री-कॅल्क्युलसपासून होते त्याचे पहिले सेमिस्टर तिथेच जाते. कॅल्क्युलसचा पहिला भाग दुसऱ्या सेमिस्टरला येतो आणि भौतिकशास्त्र तिसऱ्याला सुरू होते. भौतिकशास्त्राचा तिसरा भाग पाचव्या सेमिस्टरला पडतो, म्हणजे दोन वर्षांच्या बाहेर. उन्हाळी सत्र घेतले तर ही साखळी आवळता येते, पण त्यासाठी तसा विचार पहिल्याच वर्षी करावा लागतो. पूर्वी याच्याही आधी उजळणीच्या वर्गांत सेमिस्टरामागून सेमिस्टर जात असत. कॅलिफोर्नियाने २०१७ आणि २०२२ च्या कायद्यांनी ती प्रथा बरीच मोडून काढली आणि विद्यार्थ्याला शक्य तितक्या लवकर पदवीच्या पातळीच्या गणितात बसवण्याचे बंधन कॉलेजांवर घातले. हा बदल फार मोलाचा आहे, कारण ट्रान्स्फरचे सर्वाधिक बळी या उजळणीच्या पायऱ्यांवरच पडत होते.

कोणता विषय कुठे चालतो हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाचे अधिकृत कोष्टक आहे. इंटरनेटवर ते सर्वांना मोफत पाहता येते. आपले कॉलेज, जायचे विद्यापीठ आणि मेजर निवडले की दोन रकाने समोर येतात. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, दुसऱ्या बाजूला त्याला समतुल्य ठरवलेला कॉलेजचा विषय. हे कोष्टक वाचण्याची एक हातोटी आहे. विद्यापीठाच्या एका विषयासमोर कॉलेजचे दोन विषय ‘आणि’ने जोडलेले असतील तर दोन्ही पूर्ण करावे लागतात, एक करून अर्धे श्रेय मिळत नाही. ‘किंवा’ असेल तर एक पुरतो. काही ओळींत कॉलेजकडे समतुल्य विषयच नाही असे लिहिलेले असते. अशा वेळी तो विषय शेजारच्या कॉलेजात घ्यावा, की विद्यापीठात गेल्यावर करावा, हे आधी ठरवावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात एकाच वेळी दोन-तीन कॉलेजांत विषय घेणारे विद्यार्थी पुष्कळ दिसतात, त्याचे कारण हेच. हे करार शैक्षणिक वर्षागणिक केलेले असतात. ज्या वर्षी विषय घेतला त्या वर्षीचा करार पाहायचा असतो, म्हणून त्याची प्रत जपून ठेवणे शहाणपणाचे. राज्याबाहेरच्या किंवा खासगी विद्यापीठात जायचे असेल तर अशी तयार कोष्टके नेहमी नसतात. तिथे विषयाचा सिलॅबस मागितला जातो, आणि दोन वर्षांपूर्वीचा सिलॅबस ऐन वेळी मिळत नाही. तो दर सेमिस्टरला जतन केलेला बरा.

एकाच मेजरच्या अटी दोन विद्यापीठांत सारख्या असतील असे धरून चालू नये. अर्थशास्त्रासाठी एका कॅम्पसला कॅल्क्युलसचे दोन भाग लागतात, दुसऱ्याला वर संख्याशास्त्रही. तीन-चार विद्यापीठे नजरेसमोर ठेवून त्यांच्या अटी एका कागदावर उभ्या-आडव्या मांडल्या की कोणते विषय सर्वत्र चालतात हे लगेच दिसते. ते विषय आधी घ्यायचे. एखाद्याच ठिकाणी लागणारा विषय शेवटच्या सेमिस्टरसाठी ठेवायचा. मेजर अजून ठरलेले नसेल तर गणित आणि इंग्रजी लेखन यांनी सुरुवात करणे सुरक्षित, कारण हे दोन जवळजवळ प्रत्येक वाटेवर लागतात. पण दुसरे सेमिस्टर संपेपर्यंत निदान दोन शाखांवर येऊन थांबायलाच हवे. अमेरिकी शिक्षणात शाखा बदलण्याचे स्वातंत्र्य आहे असे आपण नेहमी ऐकतो. थेट पहिल्या वर्षाला विद्यापीठात गेलेल्यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. ट्रान्स्फर विद्यार्थ्याला अर्जातच शाखा सांगावी लागते आणि तयारीही तिचीच दाखवावी लागते.

कॅलेंडरचीही एक अडचण आहे. क्युपर्टिनोचे डी अँझा कॉलेज लहान सत्रांच्या क्वार्टर पद्धतीने चालते, राज्यातली बहुतेक कॉलेजे सेमिस्टर पद्धतीने. क्वार्टरचे एक युनिट सेमिस्टरच्या दोनतृतीयांश युनिटाएवढे असते. क्वार्टरवाल्या कॉलेजात कॅल्क्युलसचे चार तुकडे पडतात, सेमिस्टरवाल्यात तीन. मध्येच कॉलेज बदलले तर काही धडे दोनदा येतात आणि काही येतच नाहीत. सुरू केलेली साखळी त्याच कॉलेजात संपवावी, हा नियम अनुभवी सल्लागार आवर्जून सांगतात.

कॉलेजात मिळणाऱ्या दोन वर्षांच्या पदव्यांतही भेद आहे. असोसिएट इन आर्ट्स आणि असोसिएट इन सायन्स या ट्रान्स्फरला धरून असलेल्या पदव्या. असोसिएट इन अप्लाइड सायन्स ही मात्र मुख्यतः नोकरीसाठी आखलेली पदवी आहे आणि तिचे बरेच विषय विद्यापीठे घेत नाहीत. नावातल्या एका शब्दाने दोन वर्षांचे गणित बदलते, तरी प्रवेश घेताना हा फरक अनेकांना कोणी सांगितलेला नसतो. यूसीत जाण्यासाठी असोसिएट पदवी असलीच पाहिजे असे नाही. सीएसयूसाठी मात्र २०१० च्या कायद्याने ‘ट्रान्स्फरसाठीची असोसिएट पदवी’ सुरू झाली. ती ६० युनिटांत पूर्ण करणाऱ्याला सीएसयूत तिसऱ्या वर्षाला जागा मिळण्याची हमी आहे. ही हमी सीएसयूच्या व्यवस्थेत जागा मिळण्याची आहे. हवा तोच कॅम्पस आणि हवी तीच शाखा मिळेल असे तिचे वचन नाही.

यूसीची हमी वेगळ्या प्रकारची आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. तिला टॅग म्हणतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांत नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबर महिन्यात करायचा असतो, तोही एकाच कॅम्पसला. ठरलेला जीपीए आणि ठरलेले विषय असले की जागा नक्की होते. संगणकशास्त्र आणि इंजिनिअरिंगसारख्या शाखा काही कॅम्पस टॅगमधून वगळतात किंवा तिथे जादा अटी घालतात, त्यामुळे त्या वर्षीचे नियम वाचूनच अर्ज करावा. टॅग घेतल्याने इतर कॅम्पसना नेहमीचा अर्ज करायला आडकाठी येत नाही. एक जागा खिशात ठेवून बर्कलेसाठी प्रयत्न करता येतो. इतकी चांगली सोय असूनही सप्टेंबरची तारीख चुकल्याने कित्येक जण तिला मुकतात, ही खरोखर हळहळण्याजोगी गोष्ट आहे.

इतर राज्यांचेही आपापले करार आहेत. फ्लोरिडाने १९७१ पासून राज्यव्यापी ट्रान्स्फर करार केला आहे आणि तिथल्या सरकारी संस्थांत विषयांचे क्रमांक समान ठेवले आहेत. त्यामुळे एका कॉलेजातला विषय दुसरीकडे कोणता, हा प्रश्नच फारसा उरत नाही. कॅलिफोर्निया हे आत्ता कुठे करू लागला आहे. नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ यांनी २०१८ पासून एक संयुक्त कार्यक्रम चालवला आहे, ज्यात विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून दोन्हीकडचे मार्गदर्शन मिळते. न्यू जर्सीत एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजासारख्या कॉलेजांतली असोसिएट पदवी राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पूर्ण धरली जावी असा राज्यव्यापी करार आहे. खासगी विद्यापीठांपैकी लॉस एंजेलिसचे यूएससी दरवर्षी मोठ्या संख्येने ट्रान्स्फर विद्यार्थी घेते. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाचे कृषी आणि जीवशास्त्र महाविद्यालय तिथल्या कम्युनिटी कॉलेजांशी करार ठेवून आहे.

दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक घट्ट असते. यूसीचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि नोव्हेंबरअखेरच्या सुमारास बंद होतो. म्हणजे पुढच्या शरद ऋतूत जायचे असेल, तर अर्जाच्या वेळी पुढ्यात जेमतेम पहिल्या वर्षाच्या आणि उन्हाळ्याच्या श्रेणी असतात. पहिले वर्ष इतके निर्णायक का, त्याचे उत्तर यात आहे. अर्जात प्रत्येक विषय आणि श्रेणी स्वतः भरायची असते, आणि आजवर शिकलेल्या सर्व संस्थांची नोंद करावी लागते. पुण्यात किंवा मुंबईत पदवीचे एखादे वर्ष करून गेलेल्याने तेही लिहायलाच हवे. ते लपवल्याचे उघड झाले तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. सॅट परीक्षेचे गुण यूसी पाहत नाही. निवेदनाचे चार छोटे प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला ३५० शब्दांची मर्यादा असते. ट्रान्स्फर विद्यार्थ्याला सक्तीचा असलेला प्रश्न निवडलेल्या शाखेची तयारी कशी केली याबद्दलचा आहे. आठवड्याला वीस तास दुकानात काम करून गणितात ए मिळवणाऱ्याने ते साध्या शब्दांत लिहावे. जानेवारीत शरद सेमिस्टरच्या श्रेणी कळवायच्या असतात. निकाल मार्च-एप्रिलमध्ये लागतात आणि विद्यार्थ्याने आपली निवड बहुधा १ जूनपर्यंत कळवायची असते.

या सगळ्यात कौन्सेलर नावाच्या माणसाचे महत्त्व फार आहे. कॉलेजात त्याची भेट मोफत असते. पण एका कौन्सेलरकडे शेकडो विद्यार्थी असतात आणि नोव्हेंबरात त्याची वेळ मिळत नाही. दर सेमिस्टरच्या नोंदणीआधी एकदा भेटावे, सांगितलेली योजना लेखी घ्यावी आणि ती असिस्टशी ताडून पाहावी. विद्यापीठांचे प्रतिनिधी कॉलेजात येतात, त्यांनाही तेच प्रश्न विचारावेत. दोन उत्तरे जुळली नाहीत तर लेखी करार खरा.

सरकारी मदत मिळणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारचे पेल ग्रँट आयुष्यात सुमारे बारा सेमिस्टरपुरतेच मिळते. कॉलेजात चार वर्षे रेंगाळलेल्याकडे विद्यापीठासाठी त्यातले थोडेच उरते. संस्था बदलल्यावर मदतीच्या अर्जात नव्या विद्यापीठाचे नाव घालावे लागते. जुनी मदत आपोआप मागे येत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे प्रश्न थोडा वेगळा असतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक मुलांना वरचे सारे लागू आहे. पालकांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावरच्या मुलांना केंद्राची आर्थिक मदत मिळत नाही. राहत्या राज्याच्या फीचा लाभ मिळतो की नाही हे त्या त्या राज्याच्या नियमांवर ठरते. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. ट्रान्स्फर साधारण विसाव्या वर्षी होते, म्हणजे विद्यापीठातली दोन वर्षे नेमकी या सीमेवर येतात. तेव्हा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागले तर फीचेही गणित बदलू शकते, म्हणून याचा विचार कॉलेजात असतानाच व्हायला हवा.

महाराष्ट्रातून थेट एफ-१ व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात जाणाऱ्याला ४६ डॉलरची फी लागू नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याला युनिटमागे बहुतेक ठिकाणी तीनशे डॉलरहून अधिक द्यावे लागतात. तरीही यूसीत बाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला ४५ हजार डॉलरहून अधिक फी पडते, हे पाहता फरक मोठाच आहे. त्याला दर सेमिस्टरला किमान १२ युनिट घ्यावी लागतात, आणि त्यांत ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. विद्यापीठात जाताना त्याची सेविस या सरकारी प्रणालीतली नोंद जुन्या कॉलेजाने नव्या संस्थेकडे सोडावी लागते, त्यानंतरच नवा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठीचा संस्थेचा दाखला, मिळतो. दोन संस्थांमधले अंतर पाच महिन्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. असोसिएट पदवीनंतर वर्षभर काम करण्याची परवानगी मिळू शकते आणि वरच्या पदवीनंतर ती पुन्हा मिळते. पण विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठीची दोन वर्षांची मुदतवाढ किमान चार वर्षांच्या पदवीवरच आहे. व्हिसाच्या मुलाखतीत ‘कम्युनिटी कॉलेज का?’ हा प्रश्न येतोच. कोणते विद्यापीठ, कोणती शाखा, कोणता करार, हे ज्याला नेमके सांगता येते त्याचे उत्तर पटते. बारावीला विज्ञान घेतलेल्या मुलाची गणिताची तयारी बहुधा पक्की असते. पहिल्या सेमिस्टरलाच कॅल्क्युलसमध्ये बसण्याचा आग्रह त्याने धरावा.

प्रवेशाचे पत्र आले तरी ते सशर्त असते. अर्जात लिहिलेले वसंत सेमिस्टरचे विषय पूर्ण करावे लागतात. एखादा सोडला तर विद्यापीठाला कळवावे लागते. शेवटच्या ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचाव्या लागतात. कॅल-गेटसी पूर्ण झाल्याचा दाखला कॉलेजाकडून मागून घ्यावा लागतो, तो आपोआप जात नाही.

विद्यापीठातले पहिले सत्र जड जाते. गुण घसरण्याच्या या अनुभवाला संशोधक जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये ‘ट्रान्स्फर शॉक’ असे नाव दिले. सेमिस्टरच्या सवयीचा मुलगा यूसीएलएच्या दहा आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये येतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा समोर उभी राहते. पहिल्या सत्रात विषय कमी घेणे, प्राध्यापकांच्या भेटीच्या तासांना जाणे आणि ट्रान्स्फर विद्यार्थ्यांसाठी असलेल्या केंद्राशी ओळख करून घेणे, याचा चांगला उपयोग होतो. बहुतेकांची घसरण पुढच्या सत्रांत भरून निघते. निवडक विद्यापीठांत कम्युनिटी कॉलेजातून आलेले विद्यार्थी थेट प्रवेश घेतलेल्यांच्या बरोबरीने किंवा थोड्या अधिक प्रमाणात पदवी पूर्ण करतात, असे जॅक केंट कुक फाउंडेशनच्या २०१९ च्या अभ्यासात दिसून आले. ‘दुसरीकडे जमले नाही म्हणून कम्युनिटी कॉलेज’ अशी जी भावना आपल्या अनेक घरांत आहे, तिला या निष्कर्षात कुठेही आधार सापडत नाही.